वृद्धांची सेवा आणि हातांची मोजणी

भिवंडी तालुक्यांतील सोरगांव हें खेडें एरवीं बाहेरच्या लोकांस फारसें ठाऊक नाहीं. परंतु 2021 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस त्याचें नांव वर्तमानपत्रांत झळकलें. तेथील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या 62 वृद्धांस एकाच वेळीं कोरोनाची बाधा झाल्याचें तपासणींत आढळून आलें. त्यांपैकीं 55 जणांस लशीच्या दोन्ही मात्रा मिळालेल्या होत्या. त्यांस ठाण्याच्या सिव्हिल इस्पितळांत हलविण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं आंकडे दिले, आणि दुसऱ्या दिवशीं तीं दुसऱ्या बातमीकडे वळलीं. आम्हांस मात्र त्या बातमीनें एका प्रश्नापाशीं आणून सोडलें. तो प्रश्न असा कीं, इतकीं म्हातारीं माणसें एका छपराखालीं राहतात, तेव्हां त्यांस पाणी पाजावयास, त्यांची कूस पालटावयास व त्यांस शौचास न्यावयास किती हात लागतात? आणि ते हात कोणाचे?

आपल्या मंडळ्यांत या विषयीं बोलणें निघालें म्हणजे निराळाच प्रश्न पुढें येतो. आईबापांस वृद्धाश्रमांत ठेवणें हें पाप आहे कीं नाहीं, यावर वाद होतो. कोणी पांचव्या आज्ञेकडे बोट दाखवितो. कोणी म्हणतो, भिवंडींत यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणाऱ्यानें घरीं अंथरुणास खिळलेल्या बापाजवळ बसावें तरी केव्हां? दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. पण आमच्या मतें हा वाद अर्धवट आहे. म्हातारा घरीं आहे कीं आश्रमांत आहे, एवढ्यावरून त्याचा सन्मान होतो कीं अपमान, हें ठरत नाहीं. त्यानें हांक मारली असतां कोणी येतें कीं नाहीं, यावरून तें ठरतें.

म्हणून प्रथम हें काम काय आहे तें पाहूं. त्यांत दोन प्रकारचे हात लागतात. एक शिकलेल्या परिचारिकेचे. इन्सुलिन टोचणें, जखम धुऊन बांधणें, कोणतें औषध केव्हां द्यावयाचें तें सांभाळणें व डॉक्टरास केव्हां बोलवावें हें ओळखणें, हीं तिचीं कामें. दुसरे हात मावशीचे किंवा मामांचे. अंघोळ घालणें, लंगोट बदलणें, घास भरविणें, केस विंचरणें, धरून चालविणें, हीं त्यांचीं कामें. लोक पहिलीस मान देतात व दुसरीस मोलकरीण समजतात. हें मोठें अज्ञान होय. अंथरुणावरून हलतां न येणाऱ्या माणसास दर दोन तासांच्या सुमारास कुशीवर वळवावें लागतें. न वळविल्यास पाठीस व माकडहाडास व्रण पडतात, आणि ते व्रण कित्येकदां जिवावर बेततात. ज्यास गिळावयास त्रास होतो त्यास जेवूं घालण्यास अर्धा तास लागतो. घाई केली तर घास श्वासनलिकेंत जातो. म्हाताऱ्या माणसास लघवीच्या मार्गाचा दाह झाला, तर कित्येकदां ताप येत नाहीं; तो एकाएकीं असंबद्ध बोलूं लागतो. “आजोबा आज कालच्यासारखे नाहींत,” हें प्रथम कोणाच्या ध्यानांत येतें? रोज त्यांस अंघोळ घालणाऱ्या मावशीच्या. त्या बदलाचा अर्थ परिचारिका लावते. एकीचे डोळे व दुसरीची विद्या मिळून म्हाताऱ्याचा जीव वांचतो.

आतां हिशेब करूं. समजा, एका आश्रमांत 30 वृद्ध आहेत. दिवसा दोन मावश्या व रात्रीं एक, प्रत्येकीची पाळी बारा तासांची. एकूण 36 तास झाले, म्हणजे 2160 मिनिटें. तीं तिसांत वांटलीं तर प्रत्येक वृद्धाच्या वांट्यास दिवसाचीं 72 मिनिटें आलीं. त्यांतून मावशीनें स्वतः जेवावें, चादरी धुवाव्या व खोल्या झाडाव्या. उरलें काय?

ऑस्ट्रेलिया देशांत हाच हिशेब सरकारनें कायद्यानें केला आहे. तेथील वृद्धाश्रमांच्या दुःस्थितीची चौकशी करण्यासाठीं 2018 सालीं एक राजकीय आयोग नेमला गेला. त्याच्या 2019 सालच्या अंतरिम अहवालास नांवच ‘हेळसांड’ या अर्थाचें दिलेलें होतें. पुढें असा नियम झाला कीं, 1 जुलै 2023 पासून आश्रमांत रात्रंदिवस नोंदलेली परिचारिका हजर असावी. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून दर वृद्धामागें रोज सरासरी 215 मिनिटांची सेवा मिळावी, त्यांत 44 मिनिटें परिचारिकेचीं असावीं. हें माप वर सांगितलेल्या आश्रमास लावलें, तर रोज 107 तासांहून अधिक सेवा, म्हणजे आठ तासांच्या तेराहून अधिक पाळ्या भराव्या लागतील. त्या देशाची संपत्ति आपल्यापाशीं नाहीं, आणि त्यांचें माप जसेंच्या तसें आपणांस लावतां येईल असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु दया मोजली पाहिजे, ही त्यांची शिकवण आपण घेऊं शकतों.

आपल्याकडे 2007 सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या 19 व्या कलमांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक वृद्धाश्रम असावा व त्यांत किमान 150 निराधार वृद्धांची सोय व्हावी असें म्हटलें आहे. खाटांची संख्या कलमांत आली. त्या खाटांभोवतीं किती माणसें उभीं असावीं, ती संख्या आली नाहीं. खाट बोलत नाहीं व कूसहि पालटीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “प्रीति काय मिनिटांनीं मोजावयाची? आणि पगार घेऊन केलेली सेवा ती सेवा काय?” प्रश्न प्रामाणिक आहे. पण वाचकहो, प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आठवा. यरुशलेमेंतील मंडळींत प्रीतीची उणीव नव्हती. तरी रोजच्या वांटणींत कांहीं विधवांकडे दुर्लक्ष होऊं लागलें. तेव्हां प्रेषितांनीं अधिक प्रीति करण्याचा नुसता उपदेश केला नाहीं. सात माणसें निवडून त्या कामावर नेमलीं. दुर्लक्षाचें कारण अंतःकरणांत नसून हातांच्या तुटवड्यांत होतें, हें त्यांनीं ओळखलें.

तेंच आज होतें. रात्रीं तीस जणांवर एकटी असलेली मावशी एकीस शौचास नेत असतां दुसरी पडते व तिचें खुब्याचें हाड मोडतें. सकाळीं मुलगा येऊन मावशीवर ओरडतो. पण तिनें काय करावें? ती त्याच्याच आईसारख्या दुसऱ्या आईजवळ होती. अपराध असेल तर तो एकच बाई ठेवून पैसा वांचविणाऱ्याचा, आणि स्वस्त आश्रम शोधतांना खोलीचा रंग पाहून माणसें न मोजणाऱ्या मुलाचाहि. थकलेल्या माणसाची वाणी कठोर होते व हात आडदांड होतात. तिला पुरता पगार, आठवड्याची सुटी व जोडीला दुसरी बाई देणें हें तिच्यावर उपकार करणें नव्हे. म्हाताऱ्यास मिळणारी दया तेथूनच सुरू होते.

हाच हिशेब आपण आपल्या घरासहि लावावा. खेड्यांतील पुष्कळ घरांत सासऱ्याची सारी सेवा एकटी सून करते. तिला पाळी नाहीं, सुटी नाहीं, पगार नाहीं. दिवसा शेत, रात्रीं म्हातारा. आपण तिची स्तुति करितों व घरीं निजावयास जातों. आश्रमांतील एकट्या मावशीची कींव करणारा मनुष्य या एकट्या सुनेकडे पाहत नाहीं.

म्हणून ज्यास आश्रम पाहावयाचा असेल त्यानें तीन गोष्टी विचाराव्या: रात्रीं किती माणसें जागीं असतात, परिचारिका कोणत्या वेळीं हजर असते, आणि मावश्या किती महिने टिकतात. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक सर्व सांगून जातें. आणि ज्याच्या गांवांत असें आजारी घर असेल, त्या उपदेशकानें प्रार्थना आटोपून लगेच उठूं नये. मंडळींतील कोण कोणत्या दिवशीं दोन तास त्या म्हाताऱ्याजवळ बसेल, याची यादी त्याच घरीं बसून करावी. म्हणजे त्या सुनेस तेवढा वेळ तरी डोळा लावतां येईल.