खाडो

१ जून उजाडला की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या दिसतात. ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी नौकांना समुद्र बंद. एक तर पावसाळी दर्याचा भरवसा नसतो, आणि दुसरं म्हणजे हा मासळीच्या विणीचा हंगाम. थोडक्यात, मासळीच्या बाळंतपणाला महाराष्ट्रात कायद्याने ६१ दिवसांची रजा आहे. तीच मासळी पाटीत घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचं बाळंतपण आलं, तर तिच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे, पहिल्या बाळासाठी, हप्त्याहप्त्याने ५,००० रुपये. बाकी तिचं तिने बघायचं.

कामावर न गेलेल्या दिवसाला मालवणीत ‘खाडो’ म्हणतात. रजा आणि खाडा या दोन शब्दांत कोकणातल्या कष्टकरी घराचं अर्धं अर्थकारण आलं. रजा मंजूर होते, खाडा पडतो. रजेत पगार चालू असतो, खाड्यात चूल चालू ठेवायची असते. एकाच वाडीत केंद्र सरकारच्या नोकरीतली बाई असेल तर तिला बाळंतपणाची १८० दिवसांची रजा आहे, पुढे मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवस आहेत. तिच्या हुद्द्यावरच्या पुरुषालाही बाप झाल्यावर १५ दिवस मिळतात. गडग्यापलीकडची शेजारीण काजूच्या कारखान्यात जाते. तिच्यासाठी यातलं काही नाही.

वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, मालवण या पट्ट्यात काजू प्रक्रियेचे असे लहान कारखाने पुष्कळ आहेत. वाफवलेली बी फोडताना सालातला चीक उडतो आणि कातडी जाळतो, म्हणून बाया बोटांना तेल नाहीतर राख चोळून बसतात. तरी नखांच्या कडा काळ्या पडतातच. मजुरी बहुतेक वेळा किलोवर. कारण ताप असो, कंबर धरलेली असो, सासू न्हाणीत पडलेली असो की पोराला गोवर निघालेला असो, वहीत त्या तारखेसमोर एकच रेघ येते.

कायदा नाही असं नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. कर्मचारी राज्य विमा योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. वाचायला छान वाटतं. पण विम्याची ही छत्री साधारण दहा माणसांच्या आस्थापनेपासून उघडते, आणि आठ-नऊ बायांची शेड तिच्याबाहेर राहते. हाच काजू केरळातल्या कोल्लमला फुटतो तेव्हा तिथल्या कामगार बायांना याच विम्याचं कवच असतं, शिवाय काजू कामगारांसाठी वेगळ्या कल्याण निधीचा १९७९ चा कायदा तिथे आहे. बी तीच, चीकही तोच.

गंमत म्हणजे, बाळंतपणाच्या पगारी रजेची देशातली एक सुरुवातीची मोठी चर्चा ज्या बायांमुळे झाली, त्यांत कोकणच्या बाया होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत जास्त भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि तेव्हा आजचा सिंधुदुर्ग त्याच जिल्ह्यात मोडत असे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. बाळंतपणाच्या आधी-नंतर मातेला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा बराचसा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, मात्र त्या बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. आता शंभर वर्षं भरत आली. पणजीला परळच्या गिरणीत जे मागता येत होतं, ते पणतीला गावच्या शेडमध्ये मागता येत नाही.

गिरणगावाचा आणखी एक हिशेब कधी मांडलाच गेला नाही. छातीत कफ भरला, हात यंत्रात गेला, बायकोचे दिवस भरले, की माणूस बोटीने गावी यायचा. त्याला पेज भरवणारी आई, त्याचं शेत नांगरणारा भाऊ, हीच त्याची आजारपणाची रजा. मनीऑर्डरवर जगणारं कोकण अशी आपली ख्याती. पण मुंबईने आजारी माणसं पाठवली आणि कोकणाने ती फुकट बरी करून परत धाडली, ही उलट्या दिशेची मनीऑर्डर कुणी मोजली नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हाही गाठोडी याच दिशेला आली.

आज गावात म्हातारी माणसं आणि मुलगा ठाण्यात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या, वर वीस दिवस कामामागे एक भरपगारी रजा. मुलगा ती गणपतीसाठी राखून ठेवतो. मे महिन्यात वडलांना अर्धांग झाला की गणपती गेला. आईवडलांच्या शुश्रूषेसाठी वेगळी भरपगारी रजा खासगी नोकरीत कायद्याने नाहीच. अमेरिकेतही १९९३ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी. मग कुडाळची आजी तिथल्या सुनेच्या बाळंतपणाला अळीव बांधून विमानात बसते. महासत्तेची उणीव आमच्या आज्या भरून काढतात, हे कुठल्याच व्यापारकरारात नोंदलेलं नाही.

आजारपणाचं तर विचारूच नये. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. हा रोग गोचिडीतून येतो आणि त्याचा जोर नेमका काजू गोळा करण्याच्या दिवसांत असतो. ताप उतरला तरी अशक्तपणा आठवडेच्या आठवडे अंगात राहतो. प्रकृती बिघडली की इथला माणूस अजूनही गोव्याची वाट धरतो, बांबोळीच्या रुग्णालयाची. त्याच्याबरोबर कुणीतरी राहावं लागतंच. एक आजारी, दोन खाडे, आणि हंगाम संपलेला.

लहान कारखानदार विचारतो, सहा महिन्यांचा पगार मी कुठून आणू? प्रश्न खोटा नाही. २०१७ च्या सुधारणेने रजा वाढवली, पण तिचा सारा बोजा त्या एका मालकावरच ठेवला. त्याचा परिणाम असा, की नुकतं लग्न झालेल्या मुलीला कामावर घेताना तो दहादा विचार करतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा मातृत्वविषयक करार म्हणूनच सांगतो की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा. विमा नको म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्याचा १९६९ चा माथाडी कायदा बघावा. आज या गोदीत, उद्या त्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला कायमचा मालक नसतो. तरीही त्याला काम देणाऱ्यांकडून मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे जमा होते, आणि त्यातून भरपगारी रजेचे पैसे, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी निघतं. काजूचा गर पेटीत भरून निघतो, मासळीचा लिलाव होतो, आंबा ट्रकमध्ये चढतो. लेव्ही लावायची तर मोजायच्या जागा सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत.

मासेमारीबंदीच्या काळासाठीही अशी एक तजवीज आधीच आहे. पारंपरिक मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० घालायचे. रक्कम तुटपुंजी, पण काम थांबलेल्या घराला पैसे देता येतात हे सरकारने त्यात मान्य केलंय.

गाबित मच्छीमारांच्या रापणीत ही रीत त्याहून जुनी आहे. दोन टोकांचे दोर घेऊन माणसं वाळूत पाय रोवून जाळं ओढतात, मासळी किनाऱ्यावर येते, लिलाव होतो, आणि मग वाटे पडतात. अंगमेहनतीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. एखादा गडी तापाने फणफणून घरी पडलेला असतो. त्याचं जाळं मात्र त्या दिवशी पाण्यात गेलेलं असतं, आणि संध्याकाळी कुणीतरी त्या जाळ्याच्या वाट्याचे पैसे त्याच्या खळ्यात नेऊन देतं.