वळच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र प्रार्थना

हे आमच्या दयाळू स्वर्गीय पित्या,

भिवंडी तालुक्यातल्या या वळ गावात, वेगवेगळ्या मंडळ्यांतून आलेले आम्ही तुझ्यापुढे एकत्र आलो आहोत. आमच्या उपासनेच्या रीती निराळ्या आहेत, गीतांच्या चाली निराळ्या आहेत. ओझे मात्र एकच आहे, आणि ते तूच आमच्या मनावर ठेवले आहेस. ते ओझे कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलामुलींचे आहे.

प्रभो, इथे पूर्वी भाताची शेते होती, आता गोदामांच्या रांगा आहेत. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांतून निघालेला माल मुंबईच्या घराघरांत पोहोचतो. तो उतरवणाऱ्या, मोजणाऱ्या हातांत विद्यार्थ्यांचेही हात आहेत. रात्रपाळी संपली की कोणी तोंडावर पाणी मारून शेअर रिक्षा पकडतो. कोणी भिवंडीच्या बी.एन.एन. कॉलेजात जातो, कोणी कल्याणच्या बिर्ला कॉलेजात, कोणी ठाण्याला. कोणाच्या घरात आजवर बारावीपुढे कोणी शिकलेले नाही. कोणाचे वडील यंत्रमागावर उभे आहेत. कोणी दूरच्या जिल्ह्यातून येऊन भाड्याच्या खोलीत राहतो. फी थकलेली असते, केटी लागलेली असते, आणि घरी फोनवर मात्र सगळे ठीक आहे असे सांगावे लागते. ते जे कोणालाच सांगत नाहीत, ते तू ऐकतोस.

आमच्याआधी विद्यार्थ्यांसाठी झटलेल्यांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मलेल्या रॉबर्ट वाइल्डरला तू तरुणपणीच हे ओझे दिलेस. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन येथे त्याच्यासह शंभर विद्यार्थ्यांनी स्वतःला तुझ्या सेवेला वाहिले, आणि पुढे तो भारतातल्या विद्यार्थ्यांमध्ये काम करायला परत आला. अहमदनगरला १९४७ मध्ये कॉलेज उभे करणाऱ्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्यासाठी तुझी स्तुती असो. १९१२ पासूनची स्टुडंट ख्रिश्चन मुव्हमेंट, १९२४ पासूनची कॅथलिक विद्यार्थ्यांची ‘आयकफ’, १९५४ पासूनची युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया यांच्या हातून तू जे घडवलेस, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. एवढ्या जुन्या परंपरांना तू एकत्र आणलेस, तर एका तालुक्यातल्या आम्हा थोड्या लोकांना एका कामासाठी जोडणे तुला अवघड नाही.

म्हणून, पित्या, आम्ही मागतो. एखादी मुलगी आमच्या बायबल अभ्यासाला आली, तर ती कोणत्या मंडळीची होणार हा प्रश्न आमच्या मनात पहिला येऊ देऊ नकोस. गोदामातल्या खोक्यांवर पत्ता चिकटवतात तसा आमच्या मंडळीचा शिक्का आम्ही कोणाही मुलावर मारू नये. तो मुलगा तुझा आहे, एवढे आम्हाला पुरे असो.

एका मंडळीकडे सभागृह आहे, दुसरीकडे शिकवणारे शिक्षक, तिसरीकडे वेळ काढू शकणारे तरुण. हे सगळे एका ठिकाणी आणायला आम्हाला मोकळे मन दे. संध्याकाळी मुलांना अभ्यासाला बसता येईल अशी एक शांत खोली आम्ही मिळून चालवावी. इंग्रजी आणि गणित शिकवावे. परीक्षेच्या दिवसांत कोणी उपाशी राहू नये. खचलेल्या मुलाचे ऐकून घ्यावे, आणि गरज पडली तर त्याला डॉक्टरांकडे नेताना लाजू नये. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारू नये आणि मदतीच्या बदल्यात काही मागू नये.

तुझी सुवार्ता सांगताना आमची जीभ खरी ठेव. आमिष नको, दबाव नको, दुसऱ्याच्या श्रद्धेची निंदा नको. कॉलेजच्या आवारात पाऊल टाकायचे ते परवानगीने आणि नम्रतेने. कोणी प्रश्न विचारला तर प्रामाणिक उत्तर देऊ, आणि कोणी नको म्हटले तरी त्याच्यावरची आमची माया कमी होऊ देऊ नकोस.

आमच्या पाळकांना एकमेकांच्या घरी जाऊन प्रार्थना करायला शिकव. जबाबदारी विद्यार्थ्यांच्या हाती सोपवण्याचा धीर आम्हा मोठ्यांना दे, आणि एका मंडळीच्या सेवेला फळ आले तर दुसरीला त्याचा आनंद होऊ दे. वधस्तंभाकडे जाण्याच्या आदल्या रात्री तुझ्या पुत्राने आपल्या लोकांच्या ऐक्यासाठी तुझ्याकडे विनवणी केली. त्या विनवणीचे उत्तर वळमध्ये आमच्या वागण्यातून मिळू दे. हे काम कोणाच्या नावावर जमा होईल याची आम्हाला फिकीर नसो. मुले शिकोत, सावरोत, तुला ओळखोत, आणि सर्व गौरव तुझाच होवो.

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.