माशी, अहिंसा आणि शौच

कुंभकोणमसारख्या कावेरीकाठच्या नगरीत केळीच्या पानावर भोजन करण्याची रीत आहे. उष्टी पाने परसात साचली की घरात एकाएकी माश्या घोंघावू लागतात आणि धर्मभीरू गृहस्थापुढे प्रश्न उभा राहतो : मारावे तर हिंसा, न मारावे तर नैवेद्य दूषित होतो, मुले आजारी पडतात. मग धर्म कोणता?

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसा व शौच ही एकाच श्लोकात गणिली आहेत. तेव्हा ती परस्परविरोधी असणे संभवत नाही. विरोध भासतो तो आपल्या आळसामुळे. माशी एका खेपेस शेणात, उकिरड्यात सुमारे १०० अंडी घालते. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात. जो उष्टे त्याच दिवशी दूर नेऊन खोल पुरतो, त्याच्यावर मारण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

तथापि माश्या आल्याच तर? मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ व जलकुंभ ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने मानून त्यांच्या परिहारार्थ नित्य पंचमहायज्ञ सांगितले. अपरिहार्य हिंसा द्वेषाविना, आवश्यक तेवढीच घडावी, हा त्यातील भाव. केरसुणीस हिंसास्थान म्हणणाऱ्या स्मृतीने ती टाकून द्यावी असे मात्र सांगितलेले नाही.