आवाज कमी करणारा वादक

१९६२ सालची 'अंडरकरंट' ही जॅझची तबकडी अजूनही ऐकली जाते. पियानोवर बिल एव्हान्स, गिटारवर जिम हॉल, आणि तिसरं कुणीच नाही. ना बास, ना ड्रम्स. ही जोडी वाटते तितकी सोपी नव्हे. पियानो आणि गिटार, दोन्ही एका वेळी अनेक स्वर वाजवू शकणारी वाद्यं. दोघांनीही जागा भरायची ठरवली तर नुसता गलका व्हायचा.

'माय फनी व्हॅलेंटाइन' हे त्यातलं गाणं एरवी संथ लयीत, गळा दाटून म्हटलं जातं. या दोघांनी ते पळवलं आहे. एव्हान्सची एकल फेरी सुरू झाली की हॉल काय करतो, ते कान देऊन ऐकावं. प्रत्येक मात्रेवर एक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले काही स्वर. आखूड, कोरडी, वाजताक्षणी दाबून टाकलेली. एक, दोन, तीन, चार. त्यात दाखवण्यासारखं काही नाही. पण बास-ड्रम्सची उणीव जाणवत नाही ती त्या चार ठोक्यांमुळे, आणि एव्हान्सची बोटं बेफिकीर धावतात तीही त्यांच्याच भरवशावर. हा वारसा गिटारवादक फ्रेडी ग्रीनचा. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात हा माणूस जवळपास पन्नास वर्षं असाच ताल देत बसला, एकल वादन जवळजवळ न करता.

हॉलची ख्याती आणखी एका गोष्टीसाठी होती. तो अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमी ठेवायचा. विजेच्या गिटारला हवा तेवढा आवाज मिळतो, सगळ्यांना झाकून टाकण्याइतका. पण वादक हळू वाजवू लागला की शेजारच्या ड्रमरलाही हात आवरावा लागतो, नाहीतर गिटार कळणार कशी? स्वतःचा आवाज उतरवून हॉल इतरांना ऐकायला भाग पाडत असे. याला मी निव्वळ नम्रता म्हणणार नाही. त्यात चांगलीच हुकमत आहे.

म्हणूनच 'कमी बोलावं, जास्त ऐकावं' हा उपदेश सरसकट वाटला जातो तेव्हा मला खटकतो. सोसायटीच्या सभेत माइक हातात असलेला अध्यक्ष गप्प बसला, तर मागच्या रांगेतल्या भाडेकरूला तोंड उघडायला वाव मिळतो. भाडेकरू गप्प बसला तर काहीच घडत नाही. तो गप्पच असतो. आवाज कमी करणं हे ज्याच्या हाती बटण आहे त्याचं कर्तव्य. ज्याला बटणच मिळालेलं नाही, त्याला संयम शिकवण्यात अर्थ नाही. (आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखंच काही नाही, त्याच्या मौनाचं कौतुक तरी किती करायचं? हॉलने गाळलेल्या स्वरांना वजन येतं, कारण ते त्याला वाजवता येत होते.)

'अंडरकरंट'च्याच वर्षी हॉल सॉनी रॉलिन्सच्या 'द ब्रिज' या तबकडीतही वाजवत होता. रॉलिन्स हा सॅक्सोफोनचा बादशहा, पण कीर्ती ऐन भरात असताना, १९५९ मध्ये, मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटाच रियाज करत राहिला. परतला तेव्हा त्याने साथीला पियानो घेतलाच नाही, हॉलची गिटार घेतली. पियानो पायाखालची सगळी जमीन आधीच आखून टाकतो; गिटार अर्धी मोकळी सोडते. या निवडीवर टीकाही झाली. रॉलिन्स कृष्णवर्णीय, हॉल गोरा, आणि नागरी हक्कांची चळवळ पेटलेली. गोऱ्या वादकांनाच जास्त काम आणि जास्त पैसा मिळत आला होता, तेव्हा त्या रागाला कारण होतं. रॉलिन्स मात्र आपल्या निवडीवर ठाम राहिला.

तबकडीत हे दोघं ऐकताना सॅक्सोफोन रुंद, खडबडीत, अचानक वळणारा वाटतो. रॉलिन्स वाक्य अर्ध्यावर तोडतो, तेव्हा हॉल ते पुरं करायला धावत नाही. एखादी कॉर्ड टाकतो, क्वचित तीही नाही, आणि पुढचं वाक्य कुठून निघेल ते रॉलिन्सवर सोपवतो.