सांध्यांची जबाबदारी

मंचर मागे टाकून नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की शिवारांच्या वर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. अशा 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत आणि फायबरने जोडल्यामुळे त्यांची एक दुर्बीण होते.

खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरांवर बारीक जाळी ताणून तबकडी हलकी आणि स्वस्त केली, त्याचं कौतुक पुष्कळ झालं. सॉफ्टवेअरमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या मला मात्र गेल्या दशकात झालेलं या दुर्बिणीचं नूतनीकरण अधिक शिकवून गेलं. 32 मेगाहर्ट्झची बँडविड्थ 400 पर्यंत न्यायची होती, आणि तीही निरीक्षणं चालू ठेवून. म्हणून जुनी यंत्रणा न मोडता शेजारी नवी उभी केली, रिसीव्हर टप्प्याटप्प्याने बसवले आणि तयार होईल तेवढा भाग खगोलशास्त्रज्ञांना वापरायला दिला. आम्ही प्रोग्रामर हेच करतो, पण आमच्या हातात पोलाद नसतं.

याच अनुभवाच्या बळावर जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेने एसकेए या जागतिक दुर्बिणीच्या नियंत्रण यंत्रणेच्या आराखड्याचं नेतृत्व केलं. दक्षिण आफ्रिकेत 197 तबकड्या, ऑस्ट्रेलियात 1,31,072 अँटेना, आणि काम अनेक देशांत वाटलेलं. अशा प्रकल्पात घोळ होतो तो दोन गटांच्या सीमेवर, म्हणजे सांध्यावर. एकाने कोन अंशांत पाठवला आणि दुसऱ्याने रेडियन समजून वाचला, तर दोघांचं काम आपापल्या जागी बरोबर असूनही तबकडी भलतीकडे वळते. म्हणून या सांध्याचा, म्हणजे इंटरफेसचा, कागद कोडसारखाच सांभाळायला हवा: बदल कोणी केला, का केला याची नोंद, दुसऱ्याची तपासणी, आणि खरी तबकडी येण्याआधी सिम्युलेटरवर रोजची चाचणी.

मात्र काँक्रीटचा पाया कोडसारखा दर पंधरवड्याला बदलता येत नाही. कोणता निर्णय आधीच पक्का करायचा आणि कोणता शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, हे स्थापत्य आणि यांत्रिकीच्या लोकांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. आम्ही ते त्यांच्याकडून शिकलं पाहिजे.

मंचरच्याच आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि इतरही महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विनंती आहे: शेवटच्या वर्षाचा एक तरी प्रकल्प सगळ्या शाखांना मिळून द्या, आणि गुण देताना मुलांनी सांधे कसे लिहून ठेवले, कसे तपासले, हेही पाहा.