माळावरचे नकलाकार

नक्कल म्हणजे कमअस्सल, असं आपण ठरवूनच टाकलं आहे. धाराशिवच्या माळावर कान उघडे ठेवले की हा निवाडा डळमळतो.

कोतवाल पक्ष्याचं बघा. नांगरटीत साळुंक्या किडे टिपत असतात, हा तारेवर बसून. मध्येच शिक्र्याचा आवाज काढतो. साळुंक्या भेदरून उडतात आणि त्यांचा घास हा पळवतो, अशा नोंदी आहेत. आफ्रिकेतल्या कालाहारीत याच्या एका भाऊबंदाचा टॉम फ्लॉवर यांनी अभ्यास केला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामानुसार, तो इतरांच्या धोक्याच्या हाका खोट्याच देऊन रोजच्या अन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा मिळवतो. एकाच हाकेला कुणी फसेनासं झालं की हाक बदलतो! हे सोंग पोटासाठीचं. पहाटे पक्ष्याची बोली बोलत दारी येणारा पिंगळा जोशीही पोटासाठीच बोलतो. फक्त तो मागतो, हिसकावत नाही.

नकल्या खाटीक या पक्ष्याचं गणित मात्र मला सुटत नाही. बाभळीवर बसून तो टिटवी काढतो, खार काढतो, कुत्र्याचं पिल्लूसुद्धा. यात फसतं कोण? कर्नल साइक्सनं 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत नोंदवलेला तुरेवाला चंडोलही हवेत चढत गाताना इतर पक्ष्यांचे आवाज गुंफतो. मादीला रिझवायचं असेल, हद्द सांगायची असेल, पण त्याला स्वतःचं गाणं पुरलं असतं की. युरोपातल्या एका वटवट्याच्या गाण्यांत 1979 मध्ये शंभराहून अधिक आफ्रिकी पक्ष्यांचे आवाज ओळखले गेले, कारण त्याचा हिवाळा आफ्रिकेत जातो. अशा नकलेत लबाडी कमी, ऐकणं जास्त. मला ती कोतवालाच्या चलाखीहून मोठी वाटते.

पण ऐकायला शेजार लागतो, आणि त्या शेजाराला राहायला माळ. येडशीच्या रामलिंग घाटातलं जंगल अभयारण्य झालं, सोलापूरकडे नान्नजचा माळ माळढोकामुळे राखला गेला. आपल्या बाकीच्या माळांची ओळख मात्र ‘पडीक’ एवढीच. गावच्या गायरानावर सौर प्रकल्पाचा किंवा झाडं लावण्याचा ठराव ग्रामसभेत आला, तर हात वर करण्याआधी एका सकाळी तिथं जाऊन बसा, आणि कानावर आलेल्या पक्ष्यांची नावं त्या ठरावात लिहायला लावा.