मालवलेला दिवा आणि जिवंत तार

आपल्या हातून एखादी चूक झाली, परंतु ती कोणास दिसली नाही आणि तिच्यामुळे अद्याप कोणाचे नुकसानही झाले नाही, तर ती आपण होऊन सांगितली पाहिजे काय? हा प्रश्न ऐकावयास सोपा आहे. रविवारच्या वर्गातील कोणतेही मूल त्याचे उत्तर तत्काळ देईल, आणि आम्हीही ते उत्तर इतरांस पुष्कळ वर्षे देत आलो आहो. परंतु गेल्या पावसाळ्यात तोच प्रश्न विजेच्या एका साध्या बटणाच्या रूपाने आमच्यापुढे उभा राहिला, तेव्हा उत्तर देण्यास आम्हांस एक संपूर्ण रात्र लागली. ती हकीकत आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

पेण गाव धरमतरच्या खाडीपासून फारसे दूर नाही. पावसाळ्यात येथील हवा दमट असते. लोखंडी स्क्रू गंजतात, तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि तारेचा सांधा सैल होतो. सैल सांध्यातून वीज नीट वाहत नाही. तेथे उष्णता उत्पन्न होते व दिवा मिणमिणू लागतो. आमच्या स्वयंपाकघरात श्रावणात असेच झाले. बटण दाबले की आत चरचर आवाज होई. एक बटण बदलावयाचे, वीस मिनिटांचे काम, त्यासाठी वायरमनला कशाला बोलवावे, असा विचार करून मुख्य स्विच बंद केला आणि आम्ही स्वतःच स्क्रूड्रायव्हर हाती घेतला.

पहिल्याच स्क्रूचे डोके गंजाने झिजलेले होते. तो निघेना म्हणून जोर केला, तो जुन्या लाकडी बोर्डाची फळी चिरली. बाजारातून नवे बटण आणले, ते जुन्या भोकात बसेना. दुसरे आणावयास पुन्हा गेलो. इतक्यात भिंतीतून आलेल्या तारा वाकविताच त्यांवरील वेष्टन पापडासारखे गळून पडले, आणि एक तार मुळाशी तुटून आखूड झाली. चिकटपट्टीसाठी तिसरी खेप झाली. एक स्क्रू तांदळाच्या डब्यात पडला, तो शोधण्यात सगळा डबा परातीत ओतावा लागला. वीस मिनिटांच्या कामास पाच तास लोटले. घरात स्वयंपाक खोळंबला होता, मुले हसत होती, आणि आमचा संताप प्रत्येक खेपेस वाढत होता. तारा धुराने काळवंडून एकाच रंगाच्या झाल्या होत्या. कोणती तार कोठून सोडविली हे लिहून ठेवण्याचेही भान राहिले नाही. अखेर एकदाच्या त्या जोडल्या. बटण दाबताच दिवा लख्ख लागला. दिवा लागला त्याअर्थी काम बरोबर झाले, असे आम्ही ठरविले.

येथवर झाली ती केवळ फजिती. फजितीने कोणाचे विशेष बिघडत नाही. बिघडते ते तिच्यानंतर येणाऱ्या फुशारकीने. चार दिवसांनी आम्ही रोह्यास गेलो होतो. तेथील मंडळीतील एका वृद्ध विधवेच्या घरीही तसाच दिवा मिणमिणत होता. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, “आजी, वायरमनला पैसे कशाला देता? आम्ही करून देतो.” घरी ज्या रीतीने तारा जोडल्या होत्या त्याच रीतीने तेथेही जोडल्या, आणि या खेपेस काम अर्ध्या तासात आटोपले. आजींनी चहा केला, आशीर्वाद दिले, आणि शेजारणीस बोलावून पाळकसाहेबांनी लावलेला दिवा दाखविला. आम्हांस फार बरे वाटले.

पुढील आठवड्यात पंख्याच्या कामासाठी एक वायरमन आमच्या पेणच्या घरी आला. त्याने सहज स्वयंपाकघरातील दिव्याचे बटण बंद केले, दिवा काढला व होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टरमधील लहानशी बत्ती पेटली! तो आमच्याकडे वळून म्हणाला, “साहेब, तुमचा दिवा मालवतो, पण तार मालवत नाही. बटण न्यूट्रलवर टाकले आहे.”

याचा अर्थ वाचकांस समजावून सांगितला पाहिजे. घरात येणाऱ्या दोन मुख्य तारांपैकी जिच्यावर 230 व्होल्टचा दाब असतो तिला फेज म्हणतात. दुसरी परतीची, तिला न्यूट्रल म्हणतात. ती रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. बटण फेजच्या तारेत असले म्हणजे ते बंद करताच होल्डरपर्यंत दाब पोहोचत नाही. तेच बटण न्यूट्रलमध्ये बसविले तरी दिवा लागतो व मालवतोही, डोळ्यांस काडीचाही फरक दिसत नाही. परंतु दिवा मालवलेला असताही होल्डरमध्ये दाब तसाच राहतो. अशा वेळी ओल्या जमिनीवर उभे राहून कोणी त्यास हात लावला, तर त्या मनुष्याचे शरीर हीच विजेची परतीची वाट होते.

कोणी म्हणेल, फ्यूज आहे ना? फ्यूज घरातील तारा जळण्यापासून वाचवितो. मनुष्यास वाचवील असा भरवसा नाही. 60 वॉटचा जुना दिवा सुमारे 260 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याहून पुष्कळच कमी प्रवाह छातीतून गेला तरी प्राणावर बेतू शकते, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच 30 मिलिअँपिअर प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारे ई.एल.सी.बी. नावाचे साधन हल्ली घरात बसवितात. ते ना आमच्या घरी होते, ना आजींच्या.

रोह्याच्या लोकांस कुंडलिकेचे पाणी नित्याचे आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील वीजगृहात येते, आणि तेथील काम आटोपून कोलाडवरून रोह्याकडे वाहते. ते वीजगृह 1927 साली सुरू झाले. त्यापूर्वी 1915 साली खोपोलीस व 1922 साली भिवपुरीस अशीच वीजगृहे झाली होती. त्या काळी ती वीज मुंबईस जाई, आणि वाटेवरील आपल्या खेड्यांत चिमणी व कंदीलच राहिले. त्या चिमणीचा धूर होई, काजळी धरे. परंतु तिच्यात एक मोठा गुण होता. ती फुंकली म्हणजे विझत असे. ती विझली की नाही हे आंधळाही हाताच्या उबेवरून सांगू शके. विजेची गोष्ट तशी नाही. ती केवळ डोळ्यांनी पारखता येत नाही.

असो. वायरमनने तारा नीट केल्या आणि जाता जाता विचारले, “साहेब, असे आणखी कोठे केले नाही ना?”

आम्ही म्हणालो, “नाही.”

हा शब्द कसा निघाला हे आम्हांस आजही सांगता येत नाही. तो विचार करून बोललेला नव्हता; पण आमचाच होता. त्या रात्री झोप आली नाही. मनाने एकामागून एक तीन सबबी पुढे केल्या. पहिली ही की, हेतू चांगला होता. दुसरी ही की, आजवर काही झालेले नाही. आजी वृद्ध आहेत, त्या स्टुलावर चढून दिवा थोड्याच बदलणार! पुढील महिन्यात रोह्यास जाऊच, तेव्हा हळूच दुरुस्त करून टाकू. तिसरी सबब सर्वांत गोड होती: आम्ही कबुली दिली तर आजींचा आमच्यावरील विश्वास ढळेल, आणि मंडळीचे नुकसान होईल.

पहाटेपर्यंत या सबबींचे रूप उघडे पडले. हेतू कसा होता हे तारेस कळत नाही. चांगल्या मनुष्याने उलटी जोडलेली तार वाईट मनुष्याने जोडलेल्या तारेइतकाच धक्का देते. आजवर काही झाले नाही, ही आमच्या चांगुलपणाची साक्ष नसून केवळ न मागता मिळालेली मुदत होती. आणि विश्वासाची गोष्ट म्हणाल तर जो विश्वास सत्य सांगितल्याने ढळेल, तो सांभाळण्यासाठी आम्ही दुसऱ्याचा जीव तारण ठेवीत होतो. चूक अज्ञानाने झाली होती. वायरमनने टेस्टर दाखविल्यावर अज्ञान संपले, आणि त्यानंतरचा प्रत्येक तास आमच्या खाती पडत होता.

सकाळी आम्ही प्रथम त्या वायरमनच्या घरी गेलो व त्यास खरे सांगितले. तो बिचारा काही न बोलता हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. वडखळ, नागोठणे करीत एस.टी.ने रोह्यास पोहोचलो. आजींस सर्व हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे नातू खरे सांगत होता तर.”

दोन दिवसांपूर्वी त्यांचा बारा वर्षांचा नातू दिवा पुसावयास स्टुलावर चढला होता. बटण बंद होते. एक हात ओल्या भिंतीस टेकलेला, दुसरा होल्डरला लागला, आणि तो किंचाळून खाली पडला. कोपर खरचटले, इतक्यावर निभावले. वीज लागली असे तो रडत सांगत होता. पण आजींनी त्यालाच दटावले होते. पाळकसाहेबांनी केलेले काम, त्यात वीज कशी लागेल?

नंतर त्या जे बोलल्या ते आम्ही विसरणार नाही. “पाळकसाहेब, दिवा मिणमिणत होता तेव्हा आम्ही जपून होतो. पोराला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. तुम्ही नीट करून दिला, म्हणून भीती सोडली.”

वायरमनने पाऊण तासात तारा बदलल्या. त्याची मजुरी व ई.एल.सी.बी.चा खर्च आम्ही दिला. पण दटावल्या गेलेल्या त्या मुलाचे काय? आम्ही त्यास जवळ बोलावून सर्वांसमक्ष सांगितले की, तू खरे बोललास आणि चूक आमची होती. तो काही बोलला नाही. टेस्टर हातात घेऊन आपण स्वतः होल्डर तपासून पाहिला, आणि मगच हसला. त्याने बरोबर केले.

वाचकहो, आजींच्या बोलण्यात आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. उघडी चूक लोकांस सावध करते. झाकलेली चूक त्यांची सावधगिरी काढून घेते. आणि ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास असतो, त्याची झाकलेली चूक तर दुप्पट घातक होते, कारण तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या लेकरालाही लोक खोटे ठरवितात. म्हणून “अजून कोणाचे नुकसान झाले नाही” हे गप्प राहण्याचे कारण नसून त्वरेने बोलण्याचे कारण आहे. नुकसान झाल्यावर दिलेली कबुली मनाचे ओझे हलके करील. नुकसानापूर्वी दिलेली कबुली कोणाचे तरी लेकरू वाचवील.

हे केवळ तारांपुरते नाही. आपल्यापैकी कोणी गावात मुलांस शिकवितो, कोणी मंडळीचा हिशेब ठेवतो, कोणी आजाऱ्यास औषधाचा सल्ला देतो, कोणी दुसऱ्याचा अर्ज लिहून देतो. लोक आपल्या शब्दावर विसंबून निश्चिंत होतात. त्यात आपली चूक आपणांस दिसली, तर ती त्याच दिवशी त्याच माणसाकडे जाऊन सांगावी. पुढील महिन्याची वाट पाहू नये.

आणि विजेच्या कामाविषयी इतकेच सांगतो की, ते परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यावे, आणि तो गेल्यावर बटण बंद असताना होल्डर तपासला काय, असे त्यास विचारावयास लाजू नये. आम्ही आता स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवला आहे. टेस्टर मात्र बाहेरच असतो.